ग्रुपवर नेमकं काय ठरलं? लांबलेल्या चर्चेचा माग कसा ठेवायचा

ठाण्यातल्या पाचपाखाडीत एक जुनी, सात मजली सोसायटी आहे असं समजा. अठ्ठावीस बिऱ्हाडं आणि सगळ्यांचा मिळून एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. सकाळी सव्वानऊला कोणीतरी विचारतं, "लिफ्टच्या एएमसीची मुदत कधी संपतेय?" त्याखाली तिघांचे 'सुप्रभात'. मग "आज पाणी किती वाजेपर्यंत आहे?" मग गच्चीखालच्या गळतीचा फोटो. आणि मग एकच ओळ: "३१ तारखेला."

ही ३१ तारीख कशाची? लिफ्टचा एएमसी म्हणजे वार्षिक देखभालीचा करार संपण्याची, पाणी बंद राहण्याची, की वॉटरप्रूफिंगवाला येण्याची? लिहिणाऱ्याला ते ठाऊक आहे. त्या क्षणी फोन हातात असलेल्या चौघांनाही कळलं असेल. पण दिवसभर फोर्टातल्या ऑफिसात काम करून संध्याकाळी लोकलमध्ये उभ्याने शे-दीडशे मेसेज वाचणाऱ्या बाईंना ते कळायला काहीच मार्ग नाही. त्या वर जातात, खाली येतात, दमतात आणि विचारतात, "३१ ला काय आहे?" उत्तर येतं, "वर वाचा ना."

मी या बाईंच्या बाजूने लिहितो आहे. चर्चेचा माग नीट ठेवला नाही, तर निर्णय दिवसभर फोनशी बसू शकणाऱ्यांच्या हाती जातात. रात्रपाळीचा माणूस, आजारी सासूबाईंचं करणारी सून, बारीक अक्षर चष्म्याशिवाय न दिसणारे आजोबा हे सगळे मेंटेनन्स तेवढाच भरतात, पण चर्चेतून हळूहळू गळून जातात. म्हणून चर्चेचा धागा का तुटतो, यंत्रांनी त्यावर काय तोडगा काढला आणि आपण आपल्या सोसायटीत काय करू शकतो, हे जरा मुळापासून पाहू.

कट्ट्यावर हे का होत नाही

तलावपाळीला चार मित्र गप्पा मारत बसले तर कोणालाही नोंद ठेवावी लागत नाही. एकाने विचारलं की दुसरा उत्तर देतो आणि ते उत्तर प्रश्नाला चिकटूनच येतं. हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेगलॉफ आणि गेल जेफरसन या अमेरिकी संशोधकांनी रोजची साधी संभाषणं रेकॉर्ड करून, ती शब्दन् शब्द उतरवून अभ्यासली. माणसं बोलताना आळीपाळीने संधी कशी घेतात, हे त्यांनी १९७४ मध्ये मांडलं. बहुतेक वेळ एका वेळी एकच जण बोलतो. एकाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांत फार अंतर पडत नाही. आणि काही वाक्यं जोडीनेच येतात: प्रश्न आणि उत्तर, आमंत्रण आणि होकार किंवा नकार, तक्रार आणि खुलासा. जोडीतलं पहिलं वाक्य बोललं गेलं की दुसऱ्यासाठी जागा तयार होते. त्या जागेवर कोणी नुसतं "हो, चालेल" म्हटलं तरी पुरतं, कारण ते कशाला उद्देशून आहे हे जागेवरूनच कळतं.

दुसरी गोष्ट संख्येची. ब्रिटिश संशोधक रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोकळेपणी जमणारे गप्पांचे घोळके पाहिले. त्यांना आढळलं की एका गप्पेत साधारण चार माणसं मावतात. पाचवा आला की थोड्या वेळाने एकाच्या दोन गप्पा होतात. हे निरीक्षण १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं, पण कुठल्याही लग्नाच्या हॉलमध्ये दहा मिनिटं उभं राहिलं तरी ते दिसेल. माणसं खांदे वळवतात, आवाज खाली घेतात, आणि एका घोळक्यातून दोन घोळके कोणी न सांगता तयार होतात. हे फुटणं फार उपयोगाचं असतं. लिफ्टबद्दल बोलणारे एकीकडे होतात, गळतीबद्दल बोलणारे दुसरीकडे.

ग्रुपवर या दोन्ही सोयी जातात. पन्नास माणसं एकाच घोळक्यात, आणि खांदे वळवायला जागा नाही. शिवाय उत्तर प्रश्नाला चिकटून येईल याची खात्री नाही, कारण तुम्ही टाइप करत असताना मध्ये आणखी तिघांचं लिहून झालेलं असतं. सुझन हेरिंग या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ मध्ये लेखी चॅटचा अभ्यास करताना हेच दाखवलं: जोडीतली वाक्यं एकमेकांपासून लांब पडतात, मध्ये परकी वाक्यं घुसतात, विषय भराभर सटकतात. तरीही लोक अशा गप्पांत रमतात आणि नाव घेऊन उत्तर देण्यासारख्या युक्त्या आपणहून शोधतात, हेही त्यांनी नोंदवलं. "कुलकर्णी काका, तुमच्या पार्किंगच्या प्रश्नाबद्दल…" असं जेव्हा आपण सुरुवातीला लिहितो तेव्हा आपण हेच करत असतो. जागा अर्थ सांगत नाही, म्हणून तो शब्दांत सांगावा लागतो. या साध्या सवयीने अर्धा गोंधळ कमी होतो.

आधी काय आणि नंतर काय, हेही पक्कं नसतं

इथे एक बारकावा आहे, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आपण धरून चालतो की स्क्रीनवर जे वर आहे ते आधी लिहिलेलं आणि जे खाली आहे ते नंतरचं. तसं असेलच असं नाही.

समजा सोसायटीचे खजिनदार पुण्याहून गाडीने परत येत आहेत. ग्रुपवर प्रस्ताव आला आहे: "गळतीच्या कामासाठी तीन कोटेशनं मागवू या." ते "मला मान्य आहे" असं लिहून पाठवतात, पण गाडी नेमकी पारसिकच्या रेल्वे बोगद्यात शिरलेली असते आणि रेंज जाते. त्यांच्या फोनवर मेसेजच्या कोपऱ्यात छोटं घड्याळ दिसत राहतं. त्याच मिनिटात ग्रुपवर दुसरा मेसेज पडतो: "कशाला वेळ घालवायचा, जुन्याच कंत्राटदाराला काम देऊन टाकू." गाडी कळव्याच्या बाजूला बाहेर पडते, रेंज येते, आणि "मला मान्य आहे" हे शब्द इतरांच्या फोनवर नेमके या दुसऱ्या मेसेजखाली उमटतात. खजिनदारांच्या स्वतःच्या फोनवर क्रम वेगळा दिसू शकतो. कोणी खोटं बोललं नाही, कोणाचा फोन बिघडला नाही, तरीही एका माणसाच्या नावावर त्याने न दिलेली संमती चढली.

लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये या प्रश्नाची फार सुंदर उकल केली. एकमेकांपासून लांब असलेल्या यंत्रांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत आणि निरोप पोचायला लागणारा वेळ कमीजास्त होतो. मग "आधी" आणि "नंतर" कशावरून ठरवायचं? लॅम्पोर्टचं म्हणणं थोडक्यात असं: एखादा निरोप पाठवला जाणं हे तो मिळण्याच्या आधीच घडलेलं असतं, याबद्दल वाद होऊ शकत नाही. तो मिळाल्यावर, त्याला धरून जे केलं जातं ते त्याच्या नंतरचं. ही साखळी जिथे आहे तिथेच क्रम पक्का. जिथे अशी साखळी नाही, म्हणजे दोघांनी एकमेकांचं न वाचता स्वतंत्रपणे लिहिलं, तिथे कोणतं आधी हा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही.

म्हणजे खरी माहिती वेळेत नसते, नात्यात असते. "मला मान्य आहे" हे ९ वाजून २० मिनिटांनी लिहिलं की ९ वाजून २२ मिनिटांनी, याला महत्त्व कमी. ते कशाला उद्देशून लिहिलं हे महत्त्वाचं, आणि ते मेसेजबरोबरच यायला हवं.

प्रत्येक मेसेजला स्वतःची ओळख

ही गोष्ट जुन्या नेटवर्कांना फार लवकर शिकावी लागली. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी यूजनेटची, म्हणजे संगणकांवरून चालणाऱ्या लेखी चर्चागटांच्या जाळ्याची, कल्पना मांडली आणि १९८० मध्ये ते सुरू झालं. तेव्हा आजच्यासारखं सतत जोडलेलं इंटरनेट नव्हतं. एक संगणक दुसऱ्याला फोन लावायचा, साठलेले मेसेज द्यायचा-घ्यायचा आणि फोन ठेवायचा. मेसेज असे संगणकामागून संगणक पार करत जात. वाटा वेगवेगळ्या असल्यामुळे एखाद्या ठिकाणी उत्तर आधी पोचायचं आणि प्रश्न मागाहून.

तोडगा असा निघाला की प्रत्येक मेसेजला जगात दुसऱ्या कशालाही नसेल अशी एक ओळख द्यायची, आणि उत्तर देताना ज्या मेसेजला उत्तर आहे त्याची ओळख सोबत लिहायची. ई-मेलमध्येही हेच आहे. आपल्याला दिसत नाही, पण प्रत्येक मेलच्या माथ्यावर 'मेसेज-आयडी' नावाची एक ओळ असते. उत्तराच्या मेलवर 'इन-रिप्लाय-टू' या ओळीत मूळ मेलचा आयडी असतो. आणि 'रेफरन्सेस' नावाच्या तिसऱ्या ओळीत त्या उत्तराच्या साऱ्या पूर्वजांचे आयडी असतात, अगदी पहिल्या मेलपासून.

तिसरी ओळ कशाला, असं वाटेल. त्यातच खरी हुशारी आहे. मधला एखादा मेल हरवला, कोणी खोडून टाकला, किंवा अजून पोचलाच नाही, तरी त्याच्या पुढच्या मेलला आपला आजा-पणजा कोण हे ठाऊक असतं. जेमी झविन्स्की या प्रोग्रामरने १९९० च्या दशकात नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझर कंपनीच्या मेल प्रोग्रामसाठी धागे जुळवण्याची जी पद्धत वापरली, तीत न सापडलेल्या मेलसाठी एक रिकामी जागा मांडून ठेवली जाते. इथे कोणीतरी बोललं होतं, ते आपल्याकडे नाही, पण पुढचं बोलणं त्याला लागून होतं, एवढं ती रिकामी जागा सांगते. सोसायटीच्या कामकाजातही अशी रिकामी जागा प्रामाणिकपणे दाखवायला हवी: "या मुद्द्यावर मार्चमध्ये फोनवर बोलणं झालं, लेखी काही नाही."

एप्रिल २००४ मध्ये जीमेल आलं आणि एका विषयावरचे मेल एकाखाली एक रचून दाखवण्याची पद्धत घरोघरी पोचली. ऐरोलीच्या किंवा महापेच्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्यांना ही रोजची गोष्ट आहे, पण तिच्यातली एक खोच अनेकांना माहीत नसते. जुना मेल उघडून, 'रिप्लाय' दाबून, आतला मजकूर पुसून नव्याच विषयावर लिहिलं, तर तुमच्या मेलबरोबर जुन्याचा आयडी जातोच. काही प्रोग्राम तो मेल मुकाट्याने जुन्या विषयात नेऊन ठेवतात आणि तो कोणाला सापडत नाही. जीमेलमध्ये विषयाची ओळ बदलली तर नवी मालिका सुरू होते, आणि एका मालिकेत शंभराहून जास्त मेल झाले तरीही. उलट बाजूने, उत्तर द्यायला नवा कोरा मेल उघडला तर साखळी तुटते. म्हणून जुन्या विषयाला 'रिप्लाय'ने उत्तर द्यावं आणि नव्या विषयासाठी नवा मेल उघडावा. एवढं पाळलं तरी दोन वर्षांनी ऑडिटच्या वेळी कागद शोधणाऱ्याचे कष्ट वाचतात.

मी कुठपर्यंत वाचलं?

आतापर्यंत कशाला काय उत्तर आहे याबद्दल बोललो. दुसरा प्रश्न वाचणाऱ्याचा स्वतःचा असतो: माझं कुठपर्यंत वाचून झालं आहे?

मेसेज एका सरळ रांगेत असतील तर याचं उत्तर सोपं आहे, एक खूण पुरते. इथपर्यंत वाचलं, पुढचं बाकी. पण प्रत्येक उत्तर आपापल्या प्रश्नाखाली लावलं की चर्चेला फांद्या फुटतात. मग नवं उत्तर शेवटीच येईल असं राहत नाही, ते मध्ये कुठेही उगवू शकतं. कशाला काय उत्तर आहे हे फांद्यांच्या रचनेत स्वच्छ दिसतं, पण नवीन काय आलं हे शोधणं जड जातं. रांगेत याच्या उलट. दोन्ही सोयी एकदम हव्या असतील तर वाचलेल्या प्रत्येक मेसेजची वेगळी नोंद ठेवावी लागते. यूजनेट वाचणाऱ्यांच्या संगणकावर त्यासाठी एक छोटी फाइल असायची. तिच्यात प्रत्येक विषयगटापुढे वाचून झालेल्या मेसेजचे क्रमांक असत, "१-१२००, १२०३, १२०७-१२१५" अशा स्वरूपात. म्हणजे १२०१ आणि १२०२ राहिले आहेत हे यंत्राला कळायचं. "हे सगळं वाचलं असं धरून पुढे चल" असा एक हुकूमही होता. नको असलेला विषय किंवा लेखक पुन्हा दिसू नये म्हणून त्याची नोंद करून ठेवायचीही सोय होती.

व्हॉट्सअ‍ॅपचं पाहा. ते सरळ रांग वापरतं आणि न वाचलेले मेसेज जिथून सुरू होतात तिथे एक पट्टी दाखवतं. पण ही पट्टी टिकत नाही. ग्रुप उघडला, वीस मेसेज वाचले, इतक्यात कुकरची शिट्टी झाली आणि फोन बाजूला ठेवला, की पुढच्या वेळी ती खूण तिथे नसते. चॅट 'अनरेड' करून ठेवता येतं, पण त्याने वाचायचं राहिलंय एवढंच कळतं, कुठपर्यंत झालं ते कळत नाही. वाचायचं थांबलात तो मेसेज स्टार करून ठेवणं हा त्यावर साधा उपाय आहे. स्टार फक्त तुम्हाला दिसतो, इतर कोणाला नाही.

हातातल्या फोनमध्ये काय आहे, काय नाही

मेसेज उजवीकडे सरकवून 'रिप्लाय' करणं ही या सगळ्यात सर्वांत मोलाची सोय. तसं केलं की तुमच्या उत्तराबरोबर मूळ मेसेजची ओळख जाते आणि त्याच्या मजकुराची नक्कलही जाते. म्हणूनच मूळ लिहिणाऱ्याने मागाहून आपला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला तरी तुमच्या उत्तरावर त्याचा मजकूर दिसत राहतो. बोगद्यातल्या खजिनदारांनी 'रिप्लाय' वापरला असता तर त्यांचं "मला मान्य आहे" कितीही उशिरा पोचलं तरी योग्य प्रस्तावाला चिकटून आलं असतं. पैशांबद्दल, कामाबद्दल किंवा संमतीबद्दल काहीही लिहायचं तर ते 'रिप्लाय' करूनच, हा नियम ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवण्यासारखा आहे.

पिन करण्याची सोय आहे, पण ती तात्पुरती. एका चॅटमध्ये तीनच मेसेज पिन होतात, आणि तेही २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवसांसाठी. पाणी बंद राहण्याची सूचना पिन करायला हे उत्तम. वर्षभर चालणाऱ्या कामाची नोंद तिथे राहू शकत नाही. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि दोन दिवसांहून थोड्या अधिक काळापर्यंत सगळ्यांसाठी काढून टाकता येतो. ग्रुपचा अ‍ॅडमिन दुसऱ्याचाही काढू शकतो. कोणी 'डिसअपिअरिंग'ची सोय चालू केली असेल तर ठरावीक मुदतीनंतर मेसेज आपोआप जातात. गप्पांसाठी हे सगळं चांगलंच आहे. पण जी जागा अशी पुसली जाऊ शकते, तिला दफ्तर समजून चालणं योग्य नाही.

पोल घेण्याची सोय उपयोगी आहे, कारण तिथे प्रश्न आणि उत्तर एकाच चौकटीत राहतात आणि कोणी काय निवडलं हे दिसतं. फक्त प्रश्न नेमका हवा. "रंगाचं काय करायचं?" हा पोलचा प्रश्न होत नाही. "बाहेरून रंग यंदा दिवाळीआधी लावायचा का?" हा होतो. आणि ज्यांनी मत दिलं नाही त्यांचं मत 'हो' धरू नये. निळ्या टिका दिसल्या म्हणजे माणसाने वाचलं एवढंच समजतं.

मोठ्या संकुलांत, घोडबंदर रोडवर दहा-दहा विंग असतात तिथे, लोक एकाचे अनेक ग्रुप करतात. कट्ट्यावरचा घोळका फुटतो तेच इथे हाताने करायचं, म्हणून कल्पना योग्यच आहे. पण प्रत्येक विषयाला कायमचा ग्रुप काढला की कुठे काय लिहायचं हेच कळेनासं होतं. मला पटलेली रचना अशी: कामाचा एक ग्रुप आणि गप्पा-शुभेच्छांचा वेगळा एक. मोठं काम निघालं, जसं दुरुस्ती किंवा लिफ्ट बदलणं, तर त्याच्यापुरता तिसरा ग्रुप काढावा. काम संपलं की त्याचा शेवटचा सारांश मुख्य ग्रुपवर टाकून तो बंद करावा.

आपल्याकडे ही पद्धत आधीपासून आहे

हे सगळं वाचून वाटेल की यासाठी एखादं नवं अ‍ॅप हवं. मला तसं वाटत नाही. सहकारी सोसायट्यांकडे एक जुनं, चोख साधन आहे: इतिवृत्त. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. त्याखाली चालणाऱ्या गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, सभेची नोटीस विषयपत्रिकेसह आधी द्यावी लागते आणि जे ठरलं ते इतिवृत्त पुस्तकात उतरवावं लागतं.

नीट लिहिलेलं इतिवृत्त काय टिपतं ते पाहा. कोण किती वेळ बोललं, आवाज कोणाचा चढला, हे त्यात नसतं. विषय क्रमांक, ठरावाचा मजकूर, सूचक, अनुमोदक, बाजूने किती, विरोधात किती, एवढंच असतं. विषय क्रमांक ही त्या विषयाची ओळख. "मागील सभेच्या इतिवृत्तास मंजुरी" हा पहिला विषय म्हणजे आधीच्या सभेशी लावलेली साखळी. संगणकवाल्यांनी दोन ओळींत जे साधलं तेच इथे शाईने साधलेलं आहे.

ग्रुपवर "ठरलं" असं लिहिल्याने सोसायटीचा ठराव होत नाही. त्यासाठी रीतसर बोलावलेली, गणपूर्ती झालेली सभा लागते. ठाण्यात आणि वाशीत जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची चर्चा जिथे चालू आहे, तिथे हा फरक फार जपायला हवा. पुनर्विकासासाठी याच अधिनियमाच्या कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९ चा जो शासन निर्णय आहे, त्यात विकासक निवडण्याच्या सभेचं व्हिडिओ चित्रीकरणही सांगितलेलं आहे. लोकांचं आयुष्यभराचं घर पणाला लागलेलं असताना कोण काय म्हणालं याची शंका राहू नये, हा त्यामागचा विचार मला मनापासून पटतो.

मात्र इतिवृत्त वर्षातून काही वेळाच लिहिलं जातं. दोन सभांच्या मधल्या काळात ग्रुपवर जे वाहत असतं, त्याची नोंद कुठेच होत नाही. ती ठेवायला एक साधी वही किंवा सगळ्यांना उघडता येईल अशी एक शीट पुरते. त्या शीटवर एका ओळीत एकच प्रश्न. लिफ्टच्या प्रश्नाची ओळ अशी दिसेल: "क्र. १४. लिफ्टचा एएमसी. प्रश्न: करार ३१ तारखेला संपतो, त्याच कंपनीला पुढे द्यायचा की नवी कोटेशनं मागवायची? विचारणारे: फ्लॅट ३०२. आत्तापर्यंत: दोन कोटेशनं आली, तिसरं यायचं आहे. वेगळं मत: ६०१ चं म्हणणं, जुन्या कंपनीचा माणूस बोलावल्यावर लगेच येतो, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. कोणाकडे आहे: सेक्रेटरी. पुढची तारीख: २४." संध्याकाळी लोकलमध्ये उभ्या असलेल्या बाईंना ही एक ओळ वाचली की सगळं कळतं, आणि "१४ बद्दल: मलाही ६०१ चं पटतं" एवढं लिहून त्या चर्चेत येऊ शकतात. पुढे ग्रुपवर कोणीही या विषयावर लिहिलं तर सुरुवातीला १४ हा आकडा घालायचा. ग्रुपमध्ये शोधताना मग तो आकडा आणि लिफ्ट हा शब्द पुरतो.

'वेगळं मत' हा रकाना गाळण्याचा मोह होतो. तो गाळू नये. वेगळं मत ज्याचं आहे त्याच्याच शब्दांत, एका वाक्यात लिहावं आणि त्याला दाखवून घ्यावं. सोसायट्यांमधली कटुता मी पाहिली आहे ती बहुतेक वेळा निर्णय विरोधात गेला म्हणून आलेली नसते. "मी सांगितलं होतं, पण कोणी ऐकलंच नाही" यातून ती येते. लिहिलेलं मत दिसत राहिलं की निदान ऐकलं गेल्याचा पुरावा राहतो.

ही शीट सेक्रेटरीच्या गळ्यात घालू नये. त्यांच्यावर आधीच बिलं, प्लंबर, महापालिका यांचा भार असतो. शिवाय नोंद ठेवणारा आणि निर्णय रेटणारा एकच असला की नोंदीवर शंका येते. दोन-तीन सभासदांनी महिन्या-महिन्याने आळीपाळीने हे करावं. कॉलेजातली मुलं हे काम चटकन आणि नीट करतात, त्यांना विचारायला हरकत नाही. रविवारी सकाळी अर्धा तास बसून आठवड्याचे मेसेज वाचायचे, उघड्या प्रश्नांच्या ओळी पुढे न्यायच्या, मिटलेल्यांपुढे तारीख टाकायची आणि ग्रुपवर एकच मेसेज टाकायचा: उघडे किती, मिटलेले किती, या आठवड्यात कोणाकडून काय हवं आहे. तो मेसेज ७ दिवसांसाठी पिन करायचा. पुढच्या रविवारी तो आपोआप उतरतो आणि नवा चढतो.

पाच वर्षांनी समिती बदलते तेव्हा या शीटचं खरं मोल कळतं. मावळत्या सेक्रेटरींनी 'एक्सपोर्ट चॅट' करून सगळी चर्चा नव्यांकडे दिली, तरी हाती येते ती एक लांबलचक मजकुराची फाइल. तारीख, वेळ, नाव आणि मेसेज. कोणता मेसेज कोणत्या मेसेजला उत्तर होता, हे त्या फाइलमध्ये येत नाही. फोनवर 'रिप्लाय' करून जोडलेलं प्रत्येक नातं तिथे सुटून जातं आणि "मला मान्य आहे", "३१ तारखेला", "हो चालेल" या ओळी पुन्हा अधांतरी होतात. म्हणून सभासद नोंदवही, इतिवृत्त पुस्तक आणि बँकेचे कागद यांच्याबरोबर ही शीटही सही-शिक्क्याने नव्या समितीच्या ताब्यात द्यावी, आणि तिच्यातले उघडे प्रश्न नव्या समितीच्या पहिल्याच सभेत क्रमांकासह वाचून दाखवावेत.